लेस्ली नीलसन: चेहरा तोच, आवाज तोच, मग हसू कशाचं येतं?

कोपऱ्यातली_सीट (धागाकर्ता)

२०२५ साली लियाम नीसनला घेऊन ‘द नेकेड गन’ हा विनोदी चित्रपट नव्याने आला आणि मूळच्या नटाकडे, लेस्ली नीलसनकडे, पुन्हा लक्ष गेलं. माणसाची कारकीर्द कागदावर मांडली की चक्रावायला होतं. जन्म १९२६चा, टीव्हीवर १९५० पासून काम, आणि जग त्याला ज्यासाठी ओळखतं ते सगळं १९८० नंतरचं. म्हणजे वयाच्या ५४व्या वर्षापर्यंत कप्तान, डॉक्टर, वकील, अधूनमधून खलनायक, आणि तिथून पुढे विनोद.

जाणकारांना तीन गोष्टी विचारायच्या आहेत. हा बदल झाला कसा? गंभीर चेहऱ्याने विनोद करायची त्याची पद्धत नेमकी काय आहे, म्हणजे ‘टायमिंग भारी’ याच्या पलीकडे जाऊन कुणी उलगडून सांगेल का? आणि हौशी रंगभूमीवर ही पद्धत वापरायची तर तालमीत काय करावं लागतं? पाहण्याचा क्रमही सुचवलात तर उत्तम.

---

रीळ_नंबर_सात

पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीच्या दोन्हींचं उत्तर त्यातच दडलं आहे.

नीलसन कॅनडाचा. जन्म सस्कॅचवान प्रांतातल्या रेजायनाचा, ११ फेब्रुवारी १९२६. वडील कॅनडाच्या घोडदळ पोलिसात, म्हणजे ज्यांना ‘माउंटी’ म्हणतात त्या दलात. त्यांच्या नेमणुकीमुळे बालपणाचा काही काळ पार उत्तरेला फोर्ट नॉर्मनला गेला. थोरला भाऊ एरिक राजकारणात गेला आणि १९८४ ते १९८६ या काळात देशाचा उपपंतप्रधान होता. लेस्लीला ऐकू कमी येत असे, बहुतेक आयुष्य त्याने श्रवणयंत्र वापरलं. तरीही कॅनडाच्या हवाई दलात त्याने विमानातल्या तोफचीचं प्रशिक्षण घेतलं. मग कॅलगरीत रेडिओवर थोडं काम, टोरांटोत लॉर्न ग्रीनच्या रेडिओ अकादमीत शिक्षण, आणि तिथून शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या नेबरहूड प्लेहाउस या अभिनयशाळेत.

इथली एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. १९५० साली न्यूयॉर्कचा टीव्ही थेट प्रक्षेपणाचा होता. चुकलं तर दुसरा टेक नाही. त्या एका वर्षात नीलसनने ४६ थेट कार्यक्रम केले. भूमिका हातात पडायची, दोन-चार दिवसांत ती उभी करायची, कॅमेऱ्यासमोर शांतपणे वठवायची आणि पुढच्या कामाला लागायचं. शेजारी काहीही कोसळलं तरी वाक्य सोडायचं नाही, ही सवय तिथे लागते. पुढे १९८०च्या ‘एअरप्लेन!’ या विनोदी चित्रपटात जे दिसतं त्याचा पाया मला इथे दिसतो.

मग एमजीएम या हॉलिवूडच्या स्टुडिओचा करार आणि १९५६चा ‘फॉरबिडन प्लॅनेट’. त्यात तो अवकाशयानाचा कमांडर आहे: देखणा, ताठ, खर्जातला आवाज. त्यानंतर दोन दशकं असंख्य टीव्ही मालिकांत पाहुणा कलाकार. १९७२च्या ‘द पोसायडन ॲडव्हेंचर’मध्ये तो जहाजाचा कप्तान आहे आणि मोठी लाट येते तेव्हा जहाजाच्या ब्रिजवरच, म्हणजे नियंत्रण कक्षातच, संपतो. अमेरिकन प्रेक्षकाच्या डोक्यात या चेहऱ्याचा अर्थ पक्का बसला होता: हा माणूस जबाबदार आहे, आणि तो जे सांगतो ते ऐकायचं असतं.

‘एअरप्लेन!’ करणाऱ्या तिघांनी, जिम अब्राहम्स आणि डेव्हिड व जेरी झकर या भावांनी, नेमकी हीच ठेव वापरली. मुख्य आधाराच्या भूमिकांसाठी त्यांनी विनोदी नट घेतलेच नाहीत. रॉबर्ट स्टॅक, लॉइड ब्रिजेस, पीटर ग्रेव्हज आणि नीलसन हे चौघेही तोवर गंभीर कामासाठीच ओळखले जात. साधारण ३५ लाख डॉलरमध्ये झालेल्या या चित्रपटाने उत्तर अमेरिकेत ८ कोटींच्या वर कमाई केली. नीलसनचा डॉक्टर रुमॅक त्यात सगळा मिळून फार वेळ दिसतही नाही, पण लोक घरी नेतात ती त्याचीच वाक्यं.

---

तिसरी_घंटा

रीळ_नंबर_सात यांनी भूमिका छान बांधून दिली. मी पद्धतीकडे वळते.

सगळ्यात मोठा गैरसमज आधी दूर करू. नीलसनची पद्धत म्हणजे ‘कोरा चेहरा’ असं सर्रास लिहिलं जातं. ते बरोबर नाही. मूकपटांतल्या बस्टर कीटनचा चेहरा कोरा होता. नीलसनचा चेहरा काळजीने भरलेला असतो. भुवया किंचित जवळ, हनुवटी जरा खाली, डोळे समोरच्या माणसावर. रुग्णाच्या नातेवाइकांना खोलीबाहेर घेऊन बोलणाऱ्या डॉक्टरचा चेहरा आठवा, तसा. मख्ख चेहऱ्याने तीच वाक्यं म्हटली तर नट काहीतरी लपवतोय हे कळतं आणि मजा जाते. नीलसन काहीच लपवत नाही. त्याला खरंच काळजी आहे.

एक जागा बारकाईने पाहू. विमानात विषबाधा झाली आहे. रुमॅक हवाई सुंदरीला सांगतो की या बाईंना हॉस्पिटलमध्ये न्यावं लागेल. ती घाबरून विचारते, ‘हॉस्पिटल? काय आहे ते?’ म्हणजे तिला म्हणायचंय की आजार काय आहे. तो उत्तर देतो की ती एक मोठी इमारत असते, तिच्यात रुग्ण असतात, पण ते आत्ता महत्त्वाचं नाही. आता हे कसं म्हटलंय ते ऐका. प्रश्न संपल्या संपल्या उत्तर सुरू होतं, मध्ये श्वासाचीही फट नाही. सूर शिक्षकाचा नाही, घाईतल्या डॉक्टरचा आहे. आणि वजन ‘इमारत’वर पडत नाही, ते पडतं ‘आत्ता महत्त्वाचं नाही’वर. म्हणजे विनोदाचा शब्द त्याने सहज टाकून दिला आणि जोर दिला तो प्रसंगाच्या निकडीवर. नव्वद टक्के नट इथे ‘इमारत’च्या आधी थांबतील आणि तिथेच मेख आहे. तिथे थांबलं की प्रेक्षकाला कळतं, आता गंमत येतेय.

‘शर्ली’ची प्रसिद्ध कोटीही तशीच. ‘शुअरली’ म्हणजे ‘खात्रीने’, आणि शर्ली हे बाईचं नाव. इंग्रजी उच्चारात दोन्ही जवळजवळ सारखे. समोरचा म्हणतो की तुम्ही हे नक्कीच गंभीरपणे बोलत नाही आहात. उत्तर: मी गंभीरपणेच बोलतोय, आणि मला शर्ली म्हणू नका. दुसऱ्या अर्ध्या वाक्यात कुठेही खोडकरपणा नाही, फक्त किंचित ताकीद आहे. सतत नाव चुकवणाऱ्याला आपण देतो तेवढीच. अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटने २००५ साली काढलेल्या शंभर संवादांच्या यादीत हे वाक्य ७९वं आहे. कागदावर ती अगदी शाळकरी कोटी आहे. तिला त्या यादीपर्यंत नेलं ते म्हणण्याच्या रीतीने.

---

मागचा_आवाज

दोन्ही प्रतिसाद पटले, पण सगळं श्रेय चेहऱ्याला देऊ नका. आजूबाजूचं यंत्र गंभीर नसतं तर तो चेहरा उघडा पडला असता.

पहिली गोष्ट म्हणजे ‘एअरप्लेन!’ची कथा हवेतून आलेली नाही. ती १९५७च्या ‘झिरो आवर!’ या पूर्णपणे गंभीर विमानपटावर बेतलेली आहे. त्या तिघांनी त्याचे हक्क रीतसर विकत घेतले होते. पटकथा, नायकाचं आडनाव, मासे खाऊन झालेली विषबाधा, शीर्षकातलं उद्गारचिन्हसुद्धा तिथलंच. आणि ‘झिरो आवर!’ आला आर्थर हेली यांच्या ‘फ्लाइट इन्टू डेंजर’ या टीव्ही नाटकावरून, जे १९५६ साली कॅनडाच्याच सीबीसीने दाखवलं होतं. म्हणजे नीलसनला नवा जन्म देणाऱ्या कथेचं मूळही कॅनडातच.

पडताळून पाहायचं असेल तर एक वाक्य घ्या. ‘झिरो आवर!’मधला डॉक्टर म्हणतो की सगळ्यांचा जीव एकाच गोष्टीवर अवलंबून आहे: असा माणूस शोधायचा जो हे विमान उडवू शकेल आणि ज्याने रात्री मासे खाल्लेले नाहीत. ‘एअरप्लेन!’मध्ये रुमॅक जवळजवळ हेच वाक्य म्हणतो. १९५७ साली त्यावर हसायचं नव्हतं, १९८० साली लोक खुर्चीतून पडले. वाक्य बदललं नाही, म्हणणाऱ्याने सूरही बदलला नाही. बदलला तो भोवतालचा संदर्भ.

दुसरं, आवाज. पडद्यावर जेट विमान दिसतं आणि ऐकू येते ती पंख्याच्या विमानाची घरघर. दिग्दर्शकांना पंख्याचंच विमान हवं होतं, स्टुडिओने जेटचा आग्रह धरला, तेव्हा त्यांनी जुना आवाज तसाच ठेवून दिला. संगीत एल्मर बर्नस्टाइनचं, म्हणजे ‘द मॅग्निफिसंट सेव्हन’चा संगीतकार. त्यानेही कुठे मिश्कील सनई-तुतारी वाजवली नाही, जुन्या मेलोड्रामाला द्यावं तसं भरदार, गंभीर संगीत दिलं. नीलसनच्या तोंडून मूर्खपणाचं वाक्य येतं तेव्हा मागे वाद्यवृंद सांगत असतो की जीवन-मरणाचा प्रश्न आहे.

तिसरं, झकर मंडळींचा एक कडक नियम होता: गमतीवर गंमत चढवायची नाही. मागे काही विनोदी चाललं असेल तर पुढचा नट सरळ बोलणार आणि त्या मागच्या प्रकाराची दखलही घेणार नाही. पुढे विनोद असेल तर मागचं दृश्य साधं. रुमॅक प्रवाशांना ‘काळजीचं कारण नाही’ म्हणून खोटं सांगतो तेव्हा त्याचं नाक पिनोकिओसारखं लांब होत जातं. तो एकदाही नाकाकडे बघत नाही. बघितलं असतं तर एकाच वेळी दोन विनोद झाले असते आणि दोन्ही अर्धे मेले असते.

---

कोपऱ्यातली_सीट

फारच उपयोगी माहिती. मग एक उपप्रश्न. एवढं पक्कं तंत्र हाताशी होतं तर नव्वदच्या दशकातले ‘ड्रॅक्युला: डेड अँड लव्हिंग इट’, ‘मिस्टर मगू’ वगैरे इतके फिके का वाटतात? लेखन कमी पडलं, की तोच बदलला?

---

रीळ_नंबर_सात

दोन्ही. पण त्याआधी मधला टप्पा पाहायला हवा. रुमॅक आणि ‘द नेकेड गन’मधला पोलीस अधिकारी फ्रँक ड्रेबिन या दोन वेगळ्या जातीच्या भूमिका आहेत आणि लोक त्यांना एकच समजतात.

रुमॅक मूर्ख नाही. जग वेडं आहे, भाषा दगा देते, पण तो आपल्या कामात चोख आहे. ड्रेबिन मूर्ख आहे, आणि त्याला त्याचा पत्ता नाही. ‘द नेकेड गन’मध्ये तो गाडीतून उतरतो, एअरबॅग फुगते, गिअर पडतो आणि त्याची स्वतःचीच गाडी उतारावरून सुटते. हा पिस्तूल काढून त्या गाडीवर गोळ्या झाडतो. हे करताना नीलसनच्या अंगात खऱ्या पोलिसाची सगळी ठेवण आहे: पाय रोवलेले, दोन्ही हातांत पिस्तूल. पत्रकार परिषदेतून तो स्वच्छतागृहात जातो आणि कोटाला लावलेला मायक्रोफोन चालूच राहतो, तिथेही तसंच. सभागृहात सगळे अवघडलेले, आणि आत हा माणूस निवांत, मोकळा. म्हणजे इथे गंभीरपणाच्या जागी आत्मविश्वास आला आहे. खरेपणा मात्र शंभर टक्के शाबूत.

ड्रेबिन आधी टीव्हीवर आला. एबीसीवर १९८२ साली ‘पोलीस स्क्वॉड!’चे फक्त सहा भाग झाले आणि मालिका बंद पडली. वाहिनीच्या प्रमुखाने कारण दिलं की तिची मजा घ्यायला प्रेक्षकाला ती लक्ष देऊन पाहावी लागते. हे खरंच होतं. मागे ध्वनिफितीतला हशा नाही, घरात इकडेतिकडे वावरताना कानावर पडेल असं काही नाही. उद्घोषक भागाचं एक नाव वाचतो आणि पडद्यावर दुसरंच लिहिलेलं असतं. खास पाहुणा कलाकार सुरुवातीच्या श्रेयनामावलीतच मारला जातो. कुणापुढे पाकीट धरून ‘सिगरेट?’ म्हटलं की उत्तर येतं, ‘हो, माहितेय मला.’ मान खाली घालून जेवणाऱ्या माणसाला यातलं निम्मं कळणारच नाही. त्या भूमिकेसाठी नीलसनला टीव्हीच्या एमी पुरस्काराचं नामांकन मिळालं. सहा वर्षांनी, डिसेंबर १९८८ मध्ये, तोच ड्रेबिन मोठ्या पडद्यावर आला. तिथे अंधारात सगळे समोरच बघत बसलेले असतात. चित्रपटाने उत्तर अमेरिकेत साधारण ७ कोटी ८० लाख डॉलर मिळवले, १९९१च्या दुसऱ्याने त्याहून जास्त, १९९४च्या तिसऱ्याने साधारण ५ कोटी १० लाख.

आता तुमचा प्रश्न. १९९० उजाडेपर्यंत नीलसनचा चेहराच ‘विनोदी’ झाला होता. तीस वर्षांची ठेव खर्चून संपली होती. तरुण प्रेक्षकाला कमांडर किंवा कप्तान माहीतच नव्हता, त्याला फक्त ड्रेबिन माहीत होता. तो पडद्यावर येताच लोक हसायला तयार, आणि दिग्दर्शकही त्याच्याकडून तेच मागू लागले: डोळे मोठे करणं, तोंड वेडंवाकडं करणं, धडपडणं. मगू तर मुळातच कार्टून. जिथे पात्रच गमतीचं आहे तिथे त्याला गंभीरपणे उभं राहायला जमीनच नाही. ‘ड्रॅक्युला’त त्याने प्रामाणिक प्रयत्न केला आहे असं माझं मत आहे, पण पटकथा त्याला सतत पाडायचंच काम देते आणि अधिकार गाजवू देत नाही. अधिकार नसलेला नीलसन म्हणजे नुसता एक उंच, पांढऱ्या केसांचा गृहस्थ.

पुरावा हवा असेल तर त्याच काळातलं ‘ड्यू साउथ’ या कॅनडियन मालिकेतलं काम पाहा. त्यात तो बक फ्रोबिशर नावाचा जुना माउंटी आहे. लाल गणवेश चढवला, पद मिळालं, आणि माणूस पुन्हा तितकाच ताजा. वडिलांचं दल, वडिलांचाच गणवेश. तो पेलताना त्याला काही वेगळं करावं लागत नाही.

---

तिसरी_घंटा

आता तालमीचं. एकांकिकेत ही शैली आणायची असेल तर माझ्या मते हा क्रम ठेवा.

पहिल्या तीन-चार तालमी संहितेतले सगळे विनोदी शब्द काढून करा. डॉक्टरने ‘मोठी इमारत असते’ ऐवजी ‘आतड्याला सूज आहे’ असं म्हणू द्या. प्रसंग निखळ गंभीर म्हणून उभा राहायला हवा, घाई, भीती, जबाबदारी सगळ्यासकट. तो तसा उभा राहिला नाही तर पुढे जाऊ नका, कारण विनोद याच खुंटीवर टांगायचा आहे. मग मूळ शब्द परत घाला आणि बाकी काही बदलू देऊ नका. नटाचा वेग, सूर, हातातलं काम जसं होतं तसंच. तालमीचं रेकॉर्डिंग करून दोन्ही आवृत्त्या लागोपाठ ऐका. ‘इमारत’च्या जवळ आवाज उंचावलाय किंवा मध्ये फट पडलीय हे डोळे मिटून ऐकलं की लगेच पकडता येतं.

उत्तर देणाऱ्याइतकाच प्रश्न विचारणाराही महत्त्वाचा. ‘हॉस्पिटल? काय आहे ते?’ हा प्रश्न खऱ्या धास्तीने आला नाही तर उत्तर कितीही चांगलं दिलं तरी पडतं. बहुतेक हौशी प्रयोगांत इथेच गळती होते: ज्याच्या वाट्याला हशा आहे तो मन लावून तालीम करतो आणि प्रश्नकर्ता नुसता चेंडू टाकून देतो.

चित्रपट आणि नाटक यांत एक फरक मात्र सांभाळावा लागतो. चित्रपट थांबत नाही. हशात पुढचं वाक्य बुडालं तर बुडालं, लोक दुसऱ्यांदा बघतात. रंगमंचावर हशा ओसरेपर्यंत थांबावंच लागतं, आणि थांबलेला नट ‘मी तुमच्या हशासाठी थांबलोय’ असा दिसला की संपलं. उपाय सोपा आहे. प्रत्येक अशा वाक्यानंतर नटाच्या हाताला एक खरं, न संपणारं काम द्या: नाडी मोजणं, बॅगेत औषध शोधणं, चष्मा पुसणं. हशा लांबला तर काम लांबतं, आखडला तर काम अर्धवट टाकून पुढचं वाक्य घेता येतं. हशा पाऊणएक ओसरला की बोला, पूर्ण शांततेची वाट पाहू नका.

आणि प्रेक्षकांकडे नजर नको. एकदाही नको. आपल्याकडे प्रेक्षकांना डोळा घालून टाळी वसूल करायची परंपरा मोठी आहे आणि तिच्या जागी ती उत्तमच आहे, पण या शैलीत एक कटाक्ष गेला की मागची वीस मिनिटं वाया जातात.

---

मागचा_आवाज

पाहण्याचा क्रम राहिलाच होता. ‘फॉरबिडन प्लॅनेट’ पूर्ण पाहा, साधारण ९८ मिनिटांचा आहे. ‘पोसायडन ॲडव्हेंचर’ची लाट येईपर्यंतची सुरुवात पुरे. मग ‘झिरो आवर!’ आणि ‘एअरप्लेन!’ शक्यतो एकाच दिवशी लागोपाठ. दोन्ही दीड तासाच्या आतले आहेत आणि डॉक्टरची वाक्यं कानात ताजी असतानाच खरी गंमत कळते. त्यानंतर ‘पोलीस स्क्वॉड!’चे सहाही भाग आणि शेवटी पहिला ‘नेकेड गन’. उपशीर्षकं इंग्रजीच ठेवा, भाषांतरात कोट्या मरतात.

‘पोलीस स्क्वॉड!’चा प्रत्येक भाग संपताना चित्र गोठल्यासारखं वाटेल. ते गोठलेलं नसतं, नट स्वतःच पुतळ्यासारखे उभे राहिलेले असतात आणि आजूबाजूला बाकी सगळं चालू राहतं. तेव्हा नीलसनच्या डोळ्यांकडे बघा. आणि ‘एअरप्लेन!’ नामावली सुरू झाली म्हणून बंद करू नका. नामावलीतही खोट्या नोंदी पेरलेल्या आहेत, आणि ती संपल्यावर सुरुवातीला टॅक्सीत बसवून ठेवलेला प्रवासी पुन्हा दिसतो. मीटर चालूच असतं.